परसातल्या मेपलचं सिरप: घरी कुणी केलंय का?

पानगळ | २२ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. ओटावाच्या जरा बाहेर राहतो. गेल्या ऑगस्टात जुनं घर घेतलं. बेसमेंटला कुबट वास आहे, खिडक्या वाऱ्याने खडखडतात, पण परसात दोन दांडगी मेपलं आहेत. ऑक्टोबरात ती अशी पेटली, की शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "मार्चमध्ये तोट्या लावणार ना?" मी आपलं हो म्हणून बसलो.

आता वाचन सुरू केलंय. बुंध्याला भोक पाडायचं, तोटी ठोकायची, बादली टांगायची, जमलेला रस (इथले लोक सॅप म्हणतात) उकळायचा. माझं आजोळ गुऱ्हाळवाल्यांचं, त्यामुळे उकळण्याची भीती नाही. प्रश्न असे:

झाड नक्की कुठलं हे कसं ओळखायचं? पानं तर केव्हाच गळाली. झाडाला इजा होते का? आणि स्वयंपाकघरात उकळलं तर चालेल ना? बाहेर उणे १४ आहे हो.

अर्धा_कप | २२ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात नको. नको. नको. तीनदा लिहिलं, कारण मलाही तीनदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. कॅबिनेटांवर हात फिरवला तर बोट चिकटायचं, आणि वॉलपेपर कोपऱ्यातून केळीच्या सालीसारखा सुटला. दोन वर्षं झाली, नवरा अजून त्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो.

भोचक | २२ फेब्रुवारी

हिशोब करून बघा. चांगल्या शुगर मेपलच्या रसात साखर साधारण २ टक्के. सिरपमध्ये ६६ टक्के. म्हणजे ४० लिटरच्या आसपास रस आटवला की १ लिटर सिरप. उरलेलं ३९ लिटर पाणी जाणार कुठे? तुमच्या छताला.

ऊर्जेचं गणितही सांगतो, राहवत नाही म्हणून. ४० लिटर थंडगार रस उकळीला आणायचा आणि त्यातलं ३९ लिटर पाणी वाफ करायचं, याला अंदाजे २९ युनिट लागतात, तेही एक कण उष्णता वाया गेली नाही असं धरून. विजेच्या शेगडीचं मोठं बर्नर १.८ किलोवॅटचं धरलं तर सोळा तास. एका लिटरसाठी! दुकानातून आणा आणि शांत झोपा.

पानगळ | २२ फेब्रुवारी

@भोचक, छंद आहे हो. बुद्धिबळ खेळणाऱ्याला "घोडा विकत मिळतो" असं सांगतात का?

हिमशिखा | २३ फेब्रुवारी

व्हरमाँटहून. आमचं नववं वर्ष, दर मोसमात पंधरा तोट्या. सविस्तर लिहिते.

झाड ओळखायला आत्ता कळ्या बघा. मेपलच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, एकाआड एक नाही. फांदीच्या टोकाची कळी तपकिरी, सडपातळ आणि अणकुचीदार असेल तर शुगर मेपल. गुबगुबीत, हिरवट-लालसर असेल तर बहुधा नॉर्वे मेपल, शहरांत रस्त्याकडेला भरमसाट लावलेली असतात ती. मागचं एखादं पान पुस्तकात जपलं असेल तर पाच कंगोरे मोजा आणि दोन कंगोऱ्यांमधली खाच गोलसर आहे का बघा. रेड आणि सिल्व्हर मेपलचंही सिरप होतं, फक्त साखर कमी म्हणून जळण जास्त.

इजेबद्दल. छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास किमान २५ ते ३० सेंटिमीटर हवा. ४५च्या पुढे असेल तर दोन तोट्या, त्यापुढे मोह आवरा. भोक ८ मिलिमीटरचं, ४ ते ५ सेंटिमीटर खोल, किंचित वर चढतं म्हणजे रस बाहेर वाहील. ड्रिलमधून निघणारा भुसा फिकट पांढरा हवा. तपकिरी आला तर तिथलं लाकूड मेलेलं आहे, जागा बदला. निरोगी झाड ते भोक एकदोन वर्षांत स्वतःच भरून काढतं. पुढच्या वर्षी जुन्या जागेपासून बाजूला आणि वर किंवा खाली सरकून नवं भोक.

आणि जुन्या बाजारातल्या देखण्या पत्र्याच्या बादल्या घेऊ नका. त्यांच्या सांध्यांना शिशाचं डाख असू शकतं. खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक किंवा स्टील, बस्स.

कोल्हापुरी_जाळ | २३ फेब्रुवारी

दोन टक्के?? आमच्या उसाच्या रसात १८-२० टक्के असतंय. पाच लिटर रसात लिटरभर काकवी पडती. चाळीस लिटर आटवून एक लिटर म्हणजे काहिलीखाली घर विकून जाळायला पाहिजे.

आजोळ कुठलं तुमचं, @पानगळ?

पानगळ | २३ फेब्रुवारी

पन्हाळ्याच्या पायथ्याचं. मामाचं गुऱ्हाळ होतं, आता नाही. कळ्या बघितल्या, अणकुचीदार आहेत. घेर मोजायला बायकोची शिवणाची टेप घेतली, ती दीडशे सेंटिमीटरची, मोठ्या झाडाला पुरलीच नाही. दोरी गुंडाळून मोजलं: १६८ आणि १२१. म्हणजे व्यास ५३ आणि ३८. तीन तोट्या बसतात.

सोनचाफा | २४ फेब्रुवारी

पण रस फक्त मार्चमध्येच का येतो? पुण्यात गॅलरीत बसून वाचतेय, ज्ञानात भर घाला.

हिमशिखा | २४ फेब्रुवारी

रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर ४-५ अंश, अशी ये-जा लागते. मेपलच्या लाकडातले काही तंतू पाण्याऐवजी हवेने भरलेले असतात. रात्री गोठलं की ती हवा आकसते, विरघळते, बाजूला बर्फ साचतो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, हवा पुन्हा फुगते आणि दाब तयार होतो. भोक दिसलं की रस बाहेर. सतत थंडी राहिली तर थेंब नाही, सतत ऊब राहिली तरी दोनतीन दिवसांत धार आटते. आदल्या उन्हाळ्यात पानांनी केलेली साखर स्टार्च होऊन लाकडात साठलेली असते, तीच वसंताच्या तोंडाशी रसात उतरते.

माडाखालचा | २४ फेब्रुवारी

गंमत आहे. आमच्याकडे गोव्यात रेंदेर माडावर चढतो तो बुंध्यासाठी नव्हे, पोयीसाठी. फुलोऱ्याचं टोक रोज कापायचं आणि खाली मडकं बांधायचं. तो रस पानांत तयार झालेली साखर वाहून नेणारा, म्हणून बारा-पंधरा टक्के गोड. मेपलचा रस मुळाकडून वर चढणारा, म्हणून जवळपास पाणीच. माडाला गोठण्याची गरज नाही, पण उष्णतेत रस तासाभरात आंबायला लागतो. गूळ करायचा तर मडक्याला आतून चुना लावतात. नाही लावला तर संध्याकाळपर्यंत सूर (माडी) तयार, आणि त्याचीही गिऱ्हाइकं असतातच. :)

सोनचाफा | २४ फेब्रुवारी

मग महाबळेश्वरला जमेल का? वेण्णा लेकवर हिमकण पडल्याच्या बातम्या येतात दर हिवाळ्यात.

भोचक | २४ फेब्रुवारी

ते गवतावरचं दव गोठतं, दोन पहाटा, आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. जमिनीला आणि झाडाला त्याची खबरही नसते. शिवाय मेपल कुठून आणणार? स्ट्रॉबेरी खा.

पानगळ | ८ मार्च

आज तोट्या लावल्या! ड्रिल बाहेर काढताक्षणी भोकातून थेंब आला. तोटी ठोकेपर्यंत बुंध्यावरून ओघळ सुटला होता. लेकीने जीभ लावली आणि म्हणाली, "बाबा, हे पाणी आहे." मीही चाखलं. पाणीच. नारळपाण्यातून नारळ काढून घेतला तर काय उरेल, तसं काहीतरी. पण बादलीच्या तळावर टप् टप् आवाज येत होता, आणि आम्ही तिघं उणे एकमध्ये अर्धा तास तो ऐकत उभे होतो.

अर्धा_कप | ८ मार्च

अभिनंदन! रस दुधासारखा समजा. ४ अंशांखाली ठेवा, चारपाच दिवसांत उकळा. आम्ही गॅरेजमागे बर्फाच्या ढिगात डबे पुरतो. सकाळी बादलीत वर बर्फाची चकती दिसली तर काढून टाका, बर्फात साखर कमी असते. फुकटात आटवणी होते.

अनामिक_मिनेसोटा | ९ मार्च

एक भर. या झाडांचा रस आटवणं इथल्या मूळ लोकांकडून युरोपियनांनी उचललंय. आमच्याकडच्या ओजिब्वे भाषेत एप्रिल महिन्याचं नावच इस्किगमिझिगे-गीझिस, म्हणजे रस उकळण्याचा चंद्र. त्यांचा भर सिरपवर नव्हता, साखरेवर होता. पूर्ण आटवून, घोटून दाणेदार साखर करायची आणि भूर्ज झाडाच्या सालीच्या डब्यांत भरायची, वर्षभर टिकते. सिरप बाटलीबंद ठेवायला काच आणि पत्रा लागतो, ते नंतरचं प्रकरण. आपल्या काकवी आणि गुळासारखंच की.

पानगळ | १६ मार्च

वाईट बातमी आहे. नीट लिहून काढतो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

काल ३८ लिटर रस जमला होता. गॅरेजसमोर प्रोपेनची शेगडी, त्यावर स्टीलचं रुंद पातेलं, सकाळी सातला सुरुवात. फेस वर आला की तुपाचा थेंब टाकायचा, लगेच बसतो. (इथले लोक लोणी टाकतात. तुपाने तेच काम उत्तम होतं.) संध्याकाळी पाचला दोन लिटर उरलं होतं, चहाच्या रंगाचं. शेवटचा टप्पा घरात करा, हाताखाली राहतो, असं सगळीकडे वाचलं होतं. म्हणून छोट्या पातेल्यात ओतून आत आणलं.

थर्मामीटर लावला. काटा १०० वर. दहा मिनिटांनी १००.५. वीस मिनिटांनी १०१. मला वाटलं याच चालीने जाणार. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "दोनच मिनिटं" म्हणत मी हॉलमध्ये गेलो. धुराचा अलार्म वाजला तेव्हा पातेल्यातून काळा फेस ज्वालामुखीसारखा बाहेर येत होता. शेगडीच्या काचेवर डांबर. आठ दिवसांचा रस, दहा तासांचं उभं राहणं, गेलं. पातेलंही गेलं, लग्नातलं होतं.

मला हे कळत नाहीये, की इतका वेळ ढिम्म बसलेला काटा एकदम कसा पळाला?

भोचक | १६ मार्च

वाईट वाटलं हो, खरंच. कारण सांगतो. उकळबिंदू वाढतो तो विरघळलेल्या साखरेच्या प्रमाणामुळे. २ टक्क्यांचे २० टक्के होईपर्यंत बहुतेक सगळं पाणी उडून गेलेलं असतं आणि काटा मात्र अर्धा अंशही हललेला नसतो. पुढे उरतं थोडंसं द्रव. त्यातून पेलाभर पाणी गेलं तरी टक्केवारी उडी मारते. तुमच्या हातात शेवटी लिटरभरच होतं, त्याला १०२ वरून ११० वर जायला वेळ लागत नाही.

दुसरं, १०४ हा आकडा पाठ करू नका. पाणी त्या दिवशी ज्या तापमानाला उकळेल, त्याच्या ४ अंश वर सिरप होतं. हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी ९९.३ ला उकळेल, मग तुमचं सिरप १०३.३ ला. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून आकडा टिपायचा.

कोल्हापुरी_जाळ | १६ मार्च

मामाचं गुऱ्हाळ होतं म्हणता आणि पाक सोडून फोनवर गेलात? मामानं कान पिळला असता.

रागावू नका. गुऱ्हाळात दिवसभर कोणीही काहिलीत फावडं हलवतंय, मळी काढतंय, भेंडीचं पाणी टाकतंय. पण शेवटची पंधरा मिनिटं गुळव्या सोडून कुणाला काहिलीजवळ फिरकू देत नाहीत. तो बोलत नाही, तंबाखूसुद्धा थुंकायला जात नाही. बुडबुडा बघतो. पाण्यासारखे मोठे, विस्कळीत बुडबुडे जाऊन बारीक, दाट, चकाकणारे आले, आवाज खळखळ सोडून पचपच झाला, की त्याला कळतं. मग पळी वर उचलून बघायची. थेंब एकामागोमाग पडले तर कच्चं. पळीच्या काठावर दोन थेंब एकमेकांना मिळून पडद्यासारखे लोंबायला लागले, की काकवी झाली. जाळ ओढा.

तुमच्या मेपलला हेच चालायला पाहिजे. साखर काय, झाडाची असो नाहीतर उसाची.

हिमशिखा | १६ मार्च

@कोल्हापुरी_जाळ, शंभर टक्के. इथले म्हातारे अगदी हेच करतात, चपट्या पळीवरून पडदा सुटतो का बघतात. त्याला ते एप्रन म्हणतात. मी हायड्रोमीटर (दाटपणा मोजायची नळी) वापरते, पण सासरे अजून पळीच.

आणि @पानगळ, पहिला घाणा सगळ्यांचाच जळतो. आमच्याकडे जळालेलं पातेलं गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलंय.

सोनचाफा | १७ मार्च

अवांतर: यावरून आठवलं. मेथीच्या लाडवांच्या डब्याला मेपल सिरपसारखा वास येतो असं माझी अमेरिकेतली भाची म्हणते. भास आहे का?

अनामिक_मिनेसोटा | १७ मार्च

भास नाही. मेथीच्या दाण्यात सोटोलॉन नावाचं संयुग असतं, त्याचा वास तसाच. नकली मेपल सिरपसाठी मेथीचा अर्क वापरतात. २००५ पासून काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये मधूनच शहरभर मेपल सिरपचा वास सुटायचा, लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये छडा लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची, वारा तिकडून आला की वास इकडे.

सोनचाफा | १७ मार्च

म्हणजे अख्ख्या न्यूयॉर्कला बाळंतिणीच्या खोलीचा वास! 😂

पानगळ | २४ मार्च

दुसरा घाणा. ५२ लिटर. या वेळी घरात आणलंच नाही. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकली आणि फोन बायकोकडे जमा केला.

पाणी त्या दिवशी ९९.६ ला उकळत होतं. संध्याकाळी सातला काटा १०२ वर आला, तेव्हा मी त्याच्याकडे बघणं सोडून बुडबुड्यांकडे बघायला लागलो. @कोल्हापुरी_जाळ, तुम्ही लिहिलं तस्संच. आधी खळखळ होती. मग आवाज जाड झाला. पळी उचलली: थेंब, थेंब. पुन्हा मिनिटभराने: थेंब. तिसऱ्यांदा दोन थेंब काठावर शेजारी आले, थबकले, एक झाले आणि पातळ पदर होऊन सुटले. काटा बघितला तर १०३.५. मला मामाच्या गुळव्याचा चेहरा आठवत नाही, पण त्याची मान डावीकडे कललेली असायची ते आठवलं, कारण माझीही तशीच झाली होती.

पुढचा घोटाळा गाळताना. सिरपमध्ये तळाला बारीक वाळूसारखं काहीतरी होतं. मऊ सुती पंचा चौपदरी करून गाळलं, तरी गढूळच. वर सिरपला किंचित गुलाबाचा वास! पंचा कपड्यांच्या सुगंधी साबणात धुतलेला होता.

हिमशिखा | २४ मार्च

वाह! ती वाळू म्हणजे रसातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. रस आटला की ते विरघळलेले राहू शकत नाहीत. विषारी नाहीत, नुसते करकरतात. दाट फेल्टचं गाळणं घ्या आणि गरम असतानाच गाळा. ते फक्त गरम पाण्याने धुवायचं, साबण कधीही नाही. आत्ता बाटल्या दोन दिवस हलवू नका, गाळ बसेल, वरचं नितळ ओतून घ्या. मग पुन्हा ८५ अंशांपर्यंत गरम करून भरा, झाकण लावून बाटली मिनिटभर आडवी करा म्हणजे झाकणही निर्जंतुक होतं. पातळ राहिलं असेल तर बुरशी येते, जास्त आटलं असेल तर तळाला खडीसाखर.

गुलाबाला इलाज नाही. गुलकंद म्हणून खपवा.

वसंतराव_निवृत्त | २५ मार्च

मधुमेहींना हे साखरेपेक्षा बरे असते असे वाचनात आले. खरे काय?

भोचक | २५ मार्च

काका, त्यातली साखर म्हणजे बव्हंशी सुक्रोजच, आपल्या डब्यातली. थोडे क्षार असतात, त्याने साखर माफ होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

माडाखालचा | २६ मार्च

किती निघालं ते सांगितलंच नाही. आणि खर्च?

पानगळ | २६ मार्च

५२ लिटरचं १.२ लिटर. प्रोपेनची एक टाकी जवळपास संपली. तोट्या, बादल्या, थर्मामीटर, लग्नातलं पातेलं धरलं तर हे चांदीच्या वाटीत प्यायला हवं. @भोचक, तुम्ही काही बोलायचं नाही.

भोचक | २६ मार्च

मी कुठे काय म्हणालो. एक बाटली पाठवा.

पानगळ | ११ एप्रिल

मोसम संपला. शेवटचे ३० लिटर ५ तारखेला उकळले. साखर कमी झाली होती, अर्ध्या लिटरला जरा वरचढ निघालं. रंगाने पहिल्यापेक्षा कितीतरी गडद, आणि चव मला तरी जास्त आवडली, काकवीच्या जवळ जाणारी. ऊब वाढली की रसात जंतू वाढतात, साखरेचे तुकडे पाडतात आणि उकळताना रंग चढतो. इथल्या दुकानांत फिकट सोनेरी सिरपचा तोरा असतो. मला ते साखरपाण्यासारखं वाटतं.

परवा फांद्यांवरच्या कळ्या टरारल्या. तरीही आशेने एक वाटी रस गरम करून पाहिला: उकडलेल्या कोबीचा वास. ओतून दिला. तोट्या उपटल्या, भोकं तशीच उघडी ठेवली (मेण, खुंटी काही लावायचं नाही, हे वाचलं होतं). भोकांच्या वर लेकीने लाल लोकर बांधली आहे, पुढच्या वर्षी जागा सोडायची म्हणून.

कुंपणापलीकडच्या आजोबांना छोटी बाटली दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवलं, चाखलं, पुन्हा चाखलं, आणि विचारलं, "यात गुलाब टाकलायस का?"

कोल्हापुरी_जाळ | ११ एप्रिल

🙏 घावनाबरोबर खाऊन बघा. आणि ती लोकर सैल बांधा, झाड जाड होतंय.